स्पॅरो अपडेट: बाराही यूटीएक्सओ सापडले

जुन्या मोबाइल वॉलेटचा सीड (वॉलेट परत उघडायचे गुप्त शब्द) टाकूनही स्पॅरो हे बिटकॉइन वॉलेट शिल्लक शून्य दाखवत होतं, तो प्रश्न अखेर सुटला! जुन्या पत्त्यांवरची (१ ने सुरू होणारे, मागे लिहिलं होतं ते) सगळी चिल्लर, म्हणजे बारा यूटीएक्सओ (अजून खर्च न झालेले बिटकॉइनचे तुकडे), आता स्पॅरोत दिसते आहे.

सीड बरोबर, सर्व्हरशी जोडणी व्यवस्थित, तरी शिल्लक शून्य. कारण स्पॅरो नवं वॉलेट नेटिव्ह सेगविट (नव्या प्रकारचे पत्ते) धरून उघडतं, म्हणजे डेरिव्हेशन पाथ (सीडपासून पत्ते काढायची वाट) ८४ चा. जुनं मोबाइल वॉलेट ४४ वालं. स्क्रिप्ट टाइप बदलून पी२पीकेएच (जुन्या पत्त्यांचा प्रकार) केला आणि सात यूटीएक्सओ आले. उरलेले पाच मात्र काही केल्या येईनात. इथेच सगळा वेळ गेला. शेवटी गॅप लिमिटवर नजर गेली. सलग २० पत्ते कोरे दिसले की वॉलेट पुढे शोधतच नाही, आणि ते जुनं वॉलेट 'रिसीव्ह' उघडलं की दर वेळी नवा पत्ता द्यायचं. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मर्यादा १०० केली, रिफ्रेश केलं, आणि बाराच्या बारा हजर! फार बरं वाटलं.

आता फीचं गणित. व्यवहारात खर्च होणारा तुकडा म्हणजे इनपुट: जुना १४८ व्हीबाइट (फी मोजायचं आकाराचं एकक), नेटिव्ह सेगविटचा ६८. रक्कम कितीही असो, फी लागते ती आकारावर. म्हणून दर उतरलेला असतानाच हे सगळं हार्डवेअर वॉलेटच्या नव्या पत्त्यावर गोळा करायचं. ९०० सॅटचा (सॅट म्हणजे बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) एक तुकडा आहे. दर व्हीबाइटला ६ सॅटच्या वर गेला तर तो हलवायलाच त्याच्या किमतीहून जास्त फी जाईल, तेव्हा तो फ्रीझ करेन, म्हणजे खर्चातून बाजूला ठेवेन. ज्या वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल (कुठले तुकडे खर्चायचे ते निवडणं) आणि आरबीएफ (पाठवलेल्या व्यवहाराची फी नंतर वाढवणं) नाही, ते 'कमी फी'चं म्हणून कुणी कितीही सांगो, मी घेणार नाही.

टॅपरूटवर (सेगविटनंतरचा पत्त्यांचा प्रकार) जायचं ठरवलं होतं, ते रद्द. इनपुट ५७.५, पण आउटपुट (नव्या पत्त्यावर येणारा तुकडा) ४३. सेगविटचे ६८ आणि ३१. म्हणजे एक तुकडा घेऊन पुढे खर्च करायला १००.५ विरुद्ध ९९. मला फायदा शून्य.

आणि हे लिहिताना आणखी एक सुचलं: बारा एकत्र कशाला? एकाच व्यवहारात आले की सगळे एकाच मालकाचे हे चेनवर कायमचं उघड होतं. एक्स्चेंजवरून आलेले वेगळे, मित्रांकडून आलेले वेगळे, असे दोन गठ्ठे करतो. जादा खर्च जेमतेम ४१ व्हीबाइट. त्यासाठी आधी लेबलं लावायला हवीत.

रविवारी रात्री मेमपूल (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची रांग) रिकामा दिसला तर पहिला गठ्ठा व्हीबाइटला १ सॅटनं सोडतो, आरबीएफ चालू ठेवून. घाई नाहीच, अडकला तर दर वाढवता येईल.