दारावरची दीड फूट जागा

मुंबईत दार उघडं टाकून बसायचे दिवस गेले म्हणतात. असतील गेले. पण दार पूर्ण लावून घेऊन बसायची सवयही या शहराच्या जुन्या भागाला अजून लागलेली नाही, आणि गिरगावाला तर नाहीच. या दोन्हींच्या मधली सोय म्हणजे दारावरची आडवी खिडकी. कुठे तिला काचेची तावदानं, कुठे लाकडी झडपा, कुठे नुसते उभे गज. आमच्याकडे तिला व्हेंटिलेटर म्हणतात. दार लागतं तेव्हाही घराचा एक कान बाहेर राहतो तो तिच्यामुळे.

आमच्या मुख्य दाराच्या चौकटीला वाळवी लागली आणि सगळंच बदलायचं ठरलं, तेव्हा घरात प्रत्येकाला मत होतं. कुलूप कुठलं, नक्षी हवी की सपाट पल्ला, बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर लावायचं का. वरच्या दीड फुटाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. मिस्त्रींनी टेप गुंडाळत निकाल दिला, "वहिनी, वर प्लाय मारून टाकू. त्यावर लॅमिनेट. एकदम क्लीन दिसंल."

क्लीन दिसेल, यात वाद नाही. पण आमच्या खोलीची उंची अकरा फूट. उकाडा वर चढतो आणि छताखाली ठाण मांडून बसतो. पंखा त्यालाच फिरवून परत आपल्या डोक्यावर ढकलतो. दुपारनंतर चौपाटीच्या बाजूने वारा सुटतो, पश्चिमेच्या खिडकीत येतो, पडदा जरा हलवतो आणि तिथेच थबकतो, कारण समोरून त्याला बाहेर पडायला वाट नसते. वाऱ्याचं सगळं गणित या बाहेर पडण्यात आहे, आणि माणसं खर्च करतात तो आत घ्यायच्या खिडकीवर. दारावरची खिडकी उघडी असली की वरची गरम हवा सज्जात निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी येते. वीज लागत नाही.

हे सगळ्यांनी करावं असं मात्र मी म्हणणार नाही. नव्या टॉवरमध्ये राहायच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर ठेवायची असते, म्हणजे जेमतेम नऊ फूट, आणि बिल्डर सहसा त्याच्याच आसपास थांबतो. त्यात सात फुटांचं दार आणि वर तुळई, म्हणजे खिडकीला जागा उरते कुठे? शिवाय उंच इमारतींना अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र मिळतं तेव्हा फ्लॅटचं दार भरीव आणि काही काळ आग थोपवून धरणारं असावं, अशी अट बहुधा असते. तिथे दारावर साधी काच बसवणं म्हणजे लॉबीतल्या धुराला आमंत्रण. बंद लॉबीतून वाराही येत नाही, येतो तो रात्रभर जळणाऱ्या ट्यूबचा उजेड. तेव्हा मासिकातला फोटो दाखवून बाविसाव्या मजल्यावर ही खिडकी मागू नये. ती सज्जाची, उघड्या जिन्याची आणि उंच छताची वस्तू आहे.

आमच्याकडे ते तिन्ही आहे, आणि ती खिडकी नुसत्या हवेसाठी कधीच नव्हती. केबलची वायर तिच्यातून आत आली, मग इंटरनेटचीही तिथूनच आली. शेजारच्यांचे बोंबील तव्यावर पडले की आम्हाला तिच्यातूनच कळतं. आणि एकदा तर समोरच्या आजी दूध घ्यायला बाहेर आल्या, मागे वाऱ्याने दार आपटलं, लॅच लागलं आणि आत गॅसवर कुकर. मजल्यावरचा सर्वांत सडपातळ मुलगा शोधून त्याला खांद्यावर चढवला. पट्टीला धरून तो आधी डोकं, मग एक खांदा, मग तिरका होऊन दुसरा असा आत सरकला. पाय हवेत राहिले तेव्हा खालून सूचनांचा पाऊस, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज आजींचा, "अरे, चपला काढ, आत देव आहेत!" तिसऱ्या शिट्टीला दार उघडलं. प्लाय मारला असता तर कुलूपवाला शोधत ठाकूरद्वारपर्यंत पळावं लागलं असतं. चोरही त्याच वाटेने येईल, असं नवरा म्हणतो ते बरोबर आहे, त्यामुळे नव्या खिडकीला गज आहेत. समोरच्या आजींनी आता किल्ली आमच्याकडे ठेवली आहे.

लाकूड सागवान घ्यायचं, यावर मी अडून बसले. आमच्या इमारतीएवढ्या जुन्या इमारतींतून निघालेलं लाकूड पुष्कळदा बर्मा टीक असतं, आणि त्याचा इतिहास आपल्या वाटणीचाही आहे. ब्रह्मदेशातल्या सागावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन आणि तिथला दरबार यांच्यात दंडाचा तंटा झाला. ते निमित्त धरून १८८५ साली इंग्रजांनी लढाई केली आणि थिबा राजाला पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवलं. तो तिथेच १९१६ साली वारला. सुट्टीत थिबा पॅलेसपुढे फोटो काढणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना आपल्या घराची चौकट आठवत असेल? ओंडक्यांची निर्यात म्यानमारने २०१४ मध्ये बंद केली. मग नवीन घ्यायचं तर देशी सागवान, किंवा पाडलेल्या इमारतींतून निघालेलं जुनं, जे ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि चोर बाजारात मिळतं.

आम्ही जुनं घेतलं. मिस्त्री नाराज. जुन्या लाकडात कुठे खिळा लपलेला असेल सांगता येत नाही आणि रंध्याचं पातं जातं, ही त्यांची तक्रार रास्त होती. पण वर्षानुवर्षं सुकलेलं ते लाकूड आता वाकायचं राहिलेलं नाही. स्वस्तातलं कच्चं लाकूड जुलैत फुगतं. दाराचा पल्ला फुगला तर माणूस खांदा लावून उघडतो, पण साडेसात फुटांवरच्या खिडकीला खांदा कोण लावणार? ती पहिल्या पावसात अडकते आणि मग कायमची बंद राहते. गिरगावात अशा रंगाने चिकटलेल्या खिडक्या दर मजल्यावर दिसतील.

म्हणून माझा दुसरा हट्ट, ती उघडणारी हवी. न उघडणारी काच स्वस्त पडते, सुंदर दिसते आणि अर्धंच काम करते. उघडायची तर कशी, यावर मिस्त्री खुलले. मधोमध खिळीवर फिरणारी जुन्या पद्धतीची दिसते देखणी, पण ती अर्धी आत आणि अर्धी बाहेर येते, मग डासांची जाळी लावायची कुठे? आम्ही बिजागऱ्या खालच्या बाजूला घेतल्या. झडप वरून आत कलते, साखळीवर थांबते, छताजवळची हवा थेट निघते आणि बाहेरून जाळी बसते. काच खरखरीत, टफन केलेली. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घेतलं आणि मिस्त्रींनी तिसऱ्यांदा घेतलं. काच धरणारी पट्टी आतल्या अंगाला. बाहेरून ठोकली तर पटाशीने चार खिळे उचकटून कुणीही काच काढून नेईल. हे मात्र मला मिस्त्रींनीच सांगितलं.

सासूबाईंची चिंता वेगळीच होती. तोरण कुठे लावायचं? त्यांनी दार आणि खिडकी यांच्या मधल्या आडव्या पट्टीवर हात ठेवून ती किती जाड हवी ते बोटांनी दाखवलं. दसऱ्याचा झेंडू, गुढीपाडव्याची आंब्याची पानं, शनिवारचं लिंबू-मिरची, दिवाळीतल्या आकाशकंदिलाची वायर, असे वर्षभराचे खिळे त्या एका पट्टीला सोसायचे असतात. मिस्त्रींनी मुकाट्याने तीन इंचांची पट्टी घेतली आणि मधोमध छोटा गणपती कोरायची तयारी दाखवली, त्याचे वेगळे पैसे.

"इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग एवढं कशाला?" हे नवऱ्याने विचारायचं ते विचारून झालं. ती जाणार हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. गेलीच तर चौकट काढून ओशिवऱ्याला विकता येईल. प्लायला तिथे कोण विचारतो?

आता प्रश्न फक्त दोरीचा राहिला आहे. सासूबाईंच्या हाताला लागेल एवढी सोडली, तर येता-जाता ती नवऱ्याच्या चष्म्यात अडकते. तो म्हणतो आकडा लावलेली काठी ठेवा. सासूबाई म्हणतात, काठी कुणीतरी गच्चीवर कपडे वाळत घालायला नेणार आणि ऐन उकाड्यात सापडणार नाही. मिस्त्री उद्या येतात, तोवर दोघांपैकी कुणी माघार घेईल असं दिसत नाही.