नाणेघाट : मूर्ती नाहीत, नावे आहेत आणि शेवटच्या पायऱ्यांची धास्ती

सहल नेणाऱ्या संस्थेच्या पत्रकात ‘सातवाहन राजा-राणीच्या भव्य मूर्ती पाहा’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. शाळकरी भाचेमंडळी त्या एका ओळीवर हुरळून कोकणातल्या वैशाखऱ्याच्या पायथ्यापासून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट चढली आणि माथ्याजवळच्या कोरीव गुहेत शिरताच मागच्या भिंतीकडे धावली. भिंत रिकामी होती. नाणेघाटातील मूर्ती कधीच नाहीशा झालेल्या आहेत. ज्या जागी त्या उभ्या होत्या, तिथे डोक्यांच्या उंचीवर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. संतापजनक गोष्ट अशी, की ही नावेच इथली खरी दौलत आहे आणि पत्रकात त्यांच्याबद्दल चकार शब्द नव्हता.

पहिले नाव सिमुक सातवाहन या राजाचे, म्हणजे घराण्याच्या संस्थापकाचे. पुढे देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची नावे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यानंतर कुमारांची, म्हणजे राजपुत्रांची, व एका महारठीची, म्हणजे मोठ्या सरदाराची. ही नायनिका म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांतील नागनिका. डाव्या-उजव्या भिंतींवरचा प्राकृत भाषेतील लांबलचक लेख तिच्याशीच निगडित मानला जातो आणि तो साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा समजतात. त्यात आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य यांना वंदन आहे आणि नंतर अश्वमेधासारख्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या दानांची जंत्री आहे : गायी, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. एका ठिकाणी दक्षिणेचा आकडा २४,४०० कार्षापणांचा आहे. ज्यांना शिलालेख कंटाळवाणे वाटतात, त्यांनी निदान हे आकडे शोधावेत. एकासाठी एक आडवी रेघ आणि दोनसाठी दोन रेघा आहेत. शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, कारण स्थानिक किमतीची पद्धत तेव्हा वापरात नव्हती. भाच्यांपैकी धाकट्याने दोन रेघांचा ‘दोन’ स्वतः हुडकला, तेव्हा मूर्तींचे रडगाणे थांबले.

मात्र त्यासाठी तयारी लागते. आत उजेड अपुरा, अक्षरे झिजलेली आणि समजावून सांगणारे कोणी भेटेलच असे नाही. म्हणून लेखाचे लिप्यंतर आणि ब्राह्मी अंकांचा तक्ता घरूनच छापून न्यावा. विजेरी समोरून न धरता भिंतीच्या कडेने तिरपी धरावी, म्हणजे खाचांत सावली पडून अक्षर उठून दिसते. भिंतीवर हात फिरवू नये आणि खडूने अक्षरे गिरवणाऱ्यांना तिथल्या तिथे हटकावे.

आता त्या वाटेविषयी. ‘राजमार्गच आहे, लहान मुलेही हसतखेळत चढतात’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नरकडे जाणाऱ्या मालाचा हा घाट होता, हे खरे. पण बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी शतकानुशतके गुळगुळीत केलेल्या कातळपायऱ्या ओल्या असतील, तर त्यांना राजमार्ग म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. पायथ्यापासूनची रानातली वाट दमवणारी असली तरी सरळ आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गुहेच्या खालचा शेवटचा टप्पा मात्र मी विसरणार नाही. पायऱ्या उंच, कडा झिजलेल्या, त्यांवरून पाण्याची धार वाहणारी आणि वरून उतरणारी गर्दी समोर. आमच्यातल्या एकाचा बूट सरकला आणि तो दोन पायऱ्या बसल्या बसल्याच खाली आला. इजा झाली नाही, पण त्यानंतर मी प्रत्येक पायरीवर प्रत्येकाचे नाव घेऊन हाक मारत होतो. माझा निर्णय स्पष्ट आहे : भर पावसाळ्यात शाळकरी मुलांना कोकणाच्या बाजूने चढवू नये आणि त्या ओल्या पायऱ्यांवरून त्यांना उतरवण्याचा तर विचारही करू नये. पाऊस ओसरून कातळ वाळला की चढावे. नाहीतर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने थेट माथ्यावर यावे आणि तिथून गुहेपर्यंतचा थोडासा उतार सांभाळून उतरावा.

माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे तिथे छातीठोकपणे सांगितले जाते. ती परंपरेने चालत आलेली समजूत आहे, लेखात तसे कोठेही म्हटलेले नाही. मुलांना समजूत आणि पुरावा यांतला फरक शिकवण्यासाठी या रांजणापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही. शेजारचा नानाचा अंगठा नावाचा सुळक्यासारखा कडा पाहताना कड्यापासून दूर राहावे.

वर पोचल्यावर दुसरा फटका बसला. जुन्नरला सोडण्यासाठी जीपवाल्याने दीड हजार रुपये मागितले आणि मुले थकलेली पाहून तो एक रुपयाही खाली उतरला नाही. जुन्नरहून गाडी आधीच ठरवावी, भाडे बोलून घ्यावे आणि परतीची वेळ चालकाकडून फोनवर पुन्हा पक्की करून घ्यावी. माथ्यावर उभे राहून घासाघीस करण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही अडलेले आहात हे समोरच्याला दिसत असते.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री पाहिले. पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि गणपतीचे मंदिर मुळात बौद्ध विहारात आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. उत्साहाच्या भरात नाणेघाटालाच जीवधनही जोडण्याचा आग्रह मुलांनी धरला होता, तो मी मोडून काढला. या व्यापारी वाटेवर पहारा ठेवणारा तो किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी पायऱ्या सुरुंगाने उडवून दुर्गम केला आणि त्याची चढाई आजही कातळाचीच आहे. घाट चढून आलेल्या पायांनी तिकडे वळू नये. जायचेच असेल तर जुन्नरला मुक्काम करून, दोर आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घेऊन, पहाटे निघावे.