आमची वाटचाल: ग्रेहाउंडच्या अंगाच्या मापाने

आमच्या कार्यशाळेत तीनच वस्तू तयार होतात: गळपट्टा, कोट आणि गादी. तिन्ही वस्तू शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांसाठीच असतात, आणि त्यांतील एकही आम्ही बाजारपेठ पाहून ठरवलेली नाही. आमची ग्रेहाउंड राणी घरी आल्यावर ज्याची ज्याची अडचण झाली, ते ते आम्ही शिवत गेलो.

राणी आली तेव्हा चार वर्षांची होती. शर्यतीत ग्रेहाउंड सतत डावीकडे वळत धावतात, त्यामुळे उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर मोठा ताण येतो. तेथेच तिचे हाड मोडले आणि तिचे धावणे संपले. श्वानगृहाबाहेरचे घर तिने कधी पाहिलेच नव्हते. जिना म्हणजे काय, काचेचे दार म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी ती जिन्याच्या तळाशी थरथरत उभी राहिली. मग पत्नी वरच्या पायरीवर बसून तिला हळूहळू बोलावत राहिली आणि मी मागे बसून तिचा एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवत गेलो. बारा पायऱ्यांना पाऊण तास लागला.

व्यवसायाचे बीज मात्र दुसऱ्या आठवड्यात पडले. फिरायला गेलो असताना मागून मोठा आवाज झाला, राणी दचकून दोन पावले मागे सरली, तिने मान खाली घातली, आणि गळपट्टा कानांवरून अलगद निघून माझ्या हातात राहिला. ग्रेहाउंडचे डोके निमुळते असते आणि मान त्याहून रुंद, त्यामुळे साधा पट्टा कितीही नीट बांधला तरी निसटतो, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकणारा जीव रस्त्यावर मोकळा उभा होता. सुदैवाने ती जागची हलली नाही. पत्नीने आपली ओढणी तिच्या मानेभोवती गुंडाळली आणि तशाच अवस्थेत आम्ही घर गाठले.

त्याच रात्री पत्नीने शिलाई मशीन काढले. तिने शिवलेला पट्टा दोन फासांचा होता, ज्याला या क्षेत्रात मार्टिंगेल म्हणतात: मोठा फास मानेभोवती सैल राहतो आणि कुत्र्याने मागे ओढ घेतली की लहान फास त्याला मानेच्या मापापर्यंत आवळतो, त्याहून अधिक नाही. ओढ बसल्यावर मोठ्या फासाच्या टोकांना असलेल्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे. कडी एकमेकांना टेकली तर पट्टा मोठा आहे, असे समजावे. मानेची कातडी पातळ आणि केस विरळ असल्यामुळे आम्ही पट्टा चार ते पाच सेंटीमीटर रुंद ठेवतो आणि आतून मखमलीचे अस्तर लावतो. राणीला दत्तक देणाऱ्या संस्थेतील कार्यकर्त्यांनी तो पाहिला आणि आणखी सहा मागवले. ती आमची पहिली मागणी होती.

कोटाच्या बाबतीत आम्ही चुकलो. या जातीच्या अंगावर चरबी फार कमी आणि केस आखूड असतात, त्यामुळे थंडीत कोट ही चैन नसून गरज असते, हे ओळखून आम्ही पहिल्या खेपेस चाळीस कोट शिवले आणि पोटाखाली रुंद वेल्क्रो लावले. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. कोट काढताना होणाऱ्या करकर आवाजाने कुत्री पळत होती आणि एका कुत्रीच्या मांडीला वेल्क्रोच्या कडेने चीर पडली होती, कारण या कुत्र्यांची त्वचा साध्या काटकीनेही फाटते. ते छायाचित्र पाहिल्यावर आम्ही सगळे कोट परत मागवले, पैसे परत केले आणि वेल्क्रोऐवजी अस्तरावर बसणारे प्लॅस्टिकचे बकल वापरू लागलो. तेव्हापासून कोणताही नमुना चार घरांत महिनाभर वापरल्याशिवाय विक्रीस ठेवत नाही.

गादीला सर्वाधिक वेळ लागला. लोकांना वाटते की शर्यतीचा कुत्रा दिवसभर धावत असेल. प्रत्यक्षात तो दिवसातून सोळा-अठरा तास झोपतो. कोपर आणि नितंबाची हाडे टोकदार असल्याने पातळ फोम दबतो आणि फरशी टोचते, म्हणून आम्ही दहा सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम आणि धुता येणारी खोळ देतो. प्रत्येक गादीसोबत एक पत्रकही जाते. त्यावर लिहिलेले असते की झोपलेल्या कुत्र्याला अचानक हात लावू नये, आधी नावाने हाक मारावी, कारण श्वानगृहात तो एकटा झोपलेला असतो आणि झोपेत झालेल्या स्पर्शाने घाबरून गुरगुरतो. भूल देण्याची काही औषधे या जातीच्या शरीरातून फार सावकाश उतरतात, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यांना जातीची आठवण करून द्यावी, असेही त्यावर छापलेले आहे. अनेक ग्राहक गादीपेक्षा त्या पत्रकाबद्दल आभार मानतात, आणि मला त्याचे मनापासून समाधान वाटते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ मध्ये दिलेल्या कौलानुसार २०२० च्या अखेरीस तेथील ग्रेहाउंडच्या शर्यती थांबल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारनेही त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. धावपट्ट्या बंद होतात तेव्हा अनेक कुत्र्यांना एकाच वेळी घर लागते, म्हणून दत्तक संस्थांना आम्ही पट्टे केवळ कापडाच्या खर्चात देतो. आज आम्ही पाच जण काम करतो.

राणी सात वर्षे आमच्यासोबत राहिली. आता घरात मोती आहे. त्याच्या पंजाच्या तळव्याला कुरूप, म्हणजे कातडीची टणक गाठ, आहे, जे ग्रेहाउंडमध्ये नेहमी आढळते. गवतावर तो नीट चालतो, पण कठीण जमिनीवर लंगडतो. त्याच्यासाठी मऊ तळाचा बूट करण्याचे काम सध्या चालू आहे. तिसरा नमुना घालून तो फरशीवर चार पावले न लंगडता चालला आणि पाचव्या पावलाला बूट घोट्यावरून निसटला. चौथ्या नमुन्याचे कापड काल कापले आहे.