बाबांच्या नावाने शिकोकूची वारी

शिकोकू बेटावरच्या 88 देवळांच्या यात्रेत देवळाचं दर्शन घेतलं असं म्हणत नाहीत, देऊळ 'ठोकलं' म्हणतात. क्रियापद 'उत्सु'. पूर्वी यात्रेकरू आपल्या नावाची लाकडी किंवा धातूची पट्टी देवळाच्या खांबावर खिळ्याने ठोकत, त्यावरून ते आलं. एक ते अठ्ठ्याऐंशी ओळीने चाललात तर 'जुनउची', उलटं चाललात तर 'ग्याकुउची', एका दमात सगळं केलंत तर 'तोशिउची', रजा मिळेल तसं तुकड्यातुकड्याने केलंत तर 'कुगिरीउची'. बेसबॉलमध्ये चेंडू टोलवायलाही हेच क्रियापद आणि लिहायला हेच चित्राक्षर. बाबांना या योगायोगाचं फार अप्रूप होतं. काम थांबलं की 88 ठोकायचे, हा त्यांचा जुना बेत होता. काम थांबलंच नाही. म्हणून 2024 च्या ऑक्टोबरात त्यांच्या नावाने आम्ही दोघं, त्यांचा मुलगा आणि मी सून, निघालो.

बाबांचा जन्म 1946 चा, तोकुशिमा जिल्ह्यातल्या इकेदाच्या डोंगरातला. 1961 साली, पंधराव्या वर्षी, माध्यमिक शाळा संपल्यासंपल्या ते ओसाकाला आले. त्या काळात खेड्यातली मुलं अशी घोळक्याने शहरातल्या कारखान्यांत जात. पूर्व ओसाकातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते लेथवर उभे राहिले, ते शेवटपर्यंत. सोमवार ते शनिवार काम, आणि संध्याकाळी सहाला हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाची मॅच. लेथच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून दिवसभराच्या कातकामात धातूच्या कडेला उठलेले कंगोरे (बर) काढायचं काम ते सहानंतर ठेवायचे. कानस हातात, रेडिओ फळीवर, शेजारी स्कोअरबुक.

हे स्कोअरबुक कळलं की माणूस कळतो. जपानात शाळा-कॉलेजांचे सामने वासेदा पद्धतीने लिहितात, व्यावसायिक सामन्यांना केइओ पद्धत आहे. बाबा सगळंच वासेदा पद्धतीने लिहायचे. प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक डावासाठी एक चौकोन, त्यात मधोमध चार बेसचा, म्हणजे धावपटूने ओळीने गाठायच्या चार टप्प्यांचा, तिरका चौकोन. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: गोलंदाज 1, यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा कॅचर 2, पहिला बेस 3, आणि शॉर्टस्टॉप 6. '6-3' लिहिलं की शॉर्टस्टॉपने जमिनीवरचा चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि फलंदाज बाद. किती बाद झाले ते रोमन आकड्यात मधोमध. धाव झाली की वर्तुळ. डाव संपला तेव्हा बेसवर अडकून राहिलेल्या धावपटूसाठी छोटा इंग्रजी 'एल'. बाबांच्या वह्यांत हे 'एल' इतके आहेत की टायगर्सचे भक्त ते पाहूनच उसासा टाकतील. 1985 च्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर पुढचं यायला 38 वर्षं लागली. 5 नोव्हेंबर 2023 च्या रात्री अंतिम मालिकेतला ओरिक्सविरुद्धचा सातवा सामना 7-1 ने जिंकला, त्या पानावर पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर उठलीय. त्यानंतरच्या वसंतात बाबा गेले.

दुसऱ्याच्या वतीने यात्रा करण्याला 'दाइसान' म्हणतात आणि ती पूर्ण मान्य आहे. तिचा सगळा भार 'ओसामेफुदा' नावाच्या कागदी चिठ्ठीवर असतो. तिच्यावर तारीख, पत्ता, नाव आणि मागणं लिहितात. चारपर्यंत फेऱ्या झालेल्यांची चिठ्ठी पांढरी, पाचव्यापासून हिरवी, आठव्यापासून लाल, पंचविसाव्यापासून चंदेरी, पन्नासाव्यापासून सोनेरी, आणि शंभर फेऱ्यांनंतर जरीच्या कापडाची. आम्ही बाबांचं मरणोत्तर बौद्ध नाव न लिहिता स्कोअरबुकावर होतं तेच रोजचं नाव लिहिलं, आणि पत्त्याच्या जागी ओसाका न लिहिता इकेदा. पत्ता गावापर्यंतच द्यावा, घर नंबर नको. चिठ्ठ्या आदल्या रात्री लिहून ठेवा. देवळात पावसात उभं राहून लिहाल तर शाई फुटते आणि मागची माणसं खोळंबतात.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक देवळात दोन जागी वाचन: आधी मुख्य मंदिर, मग कोबो दाइशींचं, म्हणजे ही यात्रा ज्यांच्या नावाने चालते त्या बौद्ध आचार्यांचं मंदिर. म्हणजे 176 चिठ्ठ्या, 176 मेणबत्त्या, दोन्हीकडे तीन-तीन धरून 528 उदबत्त्या आणि दानपेटीसाठी 176 नाणी. वाटेत कुणी काही दिलं तर त्यालाही चिठ्ठी द्यायची असते, म्हणून शंभराचे तीन गठ्ठे घ्या. यात्रेच्या वहीवर प्रत्येक देवळात शिक्का आणि हस्ताक्षर मिळतं ते 2024 च्या एप्रिलपासून 500 येनला, म्हणजे 44,000 येन त्यातच गेले. मुक्काम दोन जेवणांसह साधारण 7 ते 10 हजार येन. रोख बाळगा, छोट्या खानावळवजा घरांत कार्ड चालत नाही.

देवळातला क्रम असा. दारात वाकायचं, हात धुऊन चूळ भरायची, घंटा वाजवायची, मेणबत्ती, उदबत्ती, चिठ्ठी, नाणं, मग हृदयसूत्र, हे छोटं बौद्ध सूत्र, म्हणायचं. घंटा येतानाच. निघताना वाजवली तर मिळवलेलं परत जातं असं मानतात. आपली मेणबत्ती दुसऱ्याच्या ज्योतीवर लावू नये, त्याचं दुःख आपल्याकडे येतं म्हणतात, म्हणून काडेपेटी स्वतःची हवी. शिक्का वाचनानंतर. शिक्क्याची कचेरी सकाळी 8 ते संध्याकाळी 5. पाचला एक मिनिट उरलं असताना धावत पोचून आधी शिक्का मागणं हा नवख्यांचा हमखास घोटाळा.

मराठी माणसाला हृदयसूत्र जड जात नाही. शेवटी 'ग्याते ग्याते हारा ग्याते हारासो ग्याते बोजी सोवाका' आलं की ते 'गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा' आहे हे लगेच उमगतं. यात्रेकरूच्या काठीवरची अक्षरंही सिद्धम् लिपीतली, म्हणजे आपल्या नागरीच्या नात्यातली. ही काठी म्हणजे खुद्द कोबो दाइशी. मुक्कामी पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय. पुलावर काठी टेकायची नाही, कारण ओझूजवळच्या तोयोगाहाशी पुलाखाली दाइशींनी एक रात्र काढली होती. चालून टोकाला झुबके फुटले तर चाकू लावू नका, दगडावर घासा.

बाबांची टायगर्सची टोपी बरोबर होती, पण पिशवीत. साधी टोपी देवासमोर काढावी लागते, यात्रेकरूंची विणलेली शंकूटोपी तशीच ठेवता येते. उन्हापावसात हा फरक मोठा आहे.

आपल्या पंढरीच्या वारीत दिंडी असते. मुक्काम ठरलेला, स्वयंपाकाचा ट्रक पुढे गेलेला, पाय दुखले तरी अभंग ओढून नेतो. इथे सुमारे 1,200 किलोमीटर तुम्ही एकटे. दिवसाला 25 ते 28 किलोमीटर पडले तर 40 ते 50 दिवस. आम्हाला 44 लागले. मुक्काम एक-दोन दिवस आधी फोन करून ठरवायचा आणि जाणार नसलात तर कळवायचंच, कारण ती म्हातारी माणसं तुमच्यापुरतं मासे आणि भाजी आणून ठेवतात. पाठीवरचं ओझं सहा-सात किलोच्या वर नेऊ नका. वाट बहुतेक डांबरी आहे. फोड येतात ते डोंगरात नव्हे, सपाट डांबरावर, कारण पाऊल दर वेळी त्याच जागी घासतं आणि मोजा घामाने ओला असतो. बूट एक सेंटिमीटर मोठा, बोटांचे मोजे, आणि दुपारी मोजे बदलणं. एवढ्याने निम्मं दुखणं टळतं.

पहिली खरी परीक्षा 11 व्या ते 12 व्या देवळाच्या वाटेवर. फुजिइदेरापासून शोसानजीपर्यंत जवळपास 13 किलोमीटर, तीन चढ, मध्ये दुकान नाही. वाटेचं नावच 'यात्रेकरू गडगडतो ती जागा'. सकाळी सातच्या आत निघा, दोन लिटर पाणी घ्या. 23 ते 24 हा साधारण 75 किलोमीटरचा किनारा वेगळ्या तऱ्हेने छळतो: बहुतेक वाट डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि तीन दिवस एकही देऊळ नाही.

बाबांसाठी आम्ही ऑक्टोबरअखेर निघालो ते 27 नंतरच्या आकी गावासाठी. टायगर्सचा शरद ऋतूतला सराव बरीच वर्षं आकीच्या मैदानावर होत आलाय. इथल्या रेल्वे स्टेशनचं नावच 'मैदानासमोर'. 25 ऑक्टोबरच्या सुमारास पहिलं देऊळ ठोकलं तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आकीत असता. त्या वर्षी संघाची सूत्रं नुकतीच फुजिकावा क्युजींकडे आली होती, आणि ते याच कोची जिल्ह्यातले. मात्र 27 वं कोनोमिनेजी सुमारे 430 मीटरवर आहे आणि शेवटचा चढ उभा. ते सकाळी उरका, नाहीतर आकीला पोचेपर्यंत सराव आटोपतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधारतं.

मात्सुयामा शहरात 46 ते 53 अशी आठ देवळं दोन दिवसांत होतात. घाई नसेल तर 51 व्या इशितेजीनंतर एक दिवस थांबा. हे मासाओका शिकींचं गाव. आधुनिक हायकूचा हा कवी (1867–1902) स्वतः कॅचर होता. फलंदाजाला 'दाशा' आणि धावपटूला 'सोशा' हे शब्द त्यांनी रूढ केले, आणि त्या 'दाशा'मधलं पहिलं अक्षर तेच, देऊळ 'ठोकण्या'चं. मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळून पस्तिशीच्या आत ते गेले. 2002 मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. इथल्या 'बोत्चान' मैदानात त्यांच्या आठवणींचं छोटं संग्रहालय आहे.

मात्सुयामा ज्यात येतं त्या एहिमे जिल्ह्यात शरदात लोक संत्री देतात. यात्रेकरूला दिलेली वस्तू, 'ओसेत्ताई', नाकारायची नसते, कारण देणारा तुमच्या हातून दाइशींना देत असतो. पण दोन किलो संत्री पाठीवर घेऊन डोंगर चढवत नाही. चिठ्ठी द्या, दोन खा, बाकीची पुढच्या देवळात इतर यात्रेकरूंना वाटा. ते चालतं.

66 वं उनपेनजी सगळ्यांत उंच, 911 मीटर. गणतीत ते कागावा जिल्ह्यातलं पहिलं, पण जमीन तोकुशिमाची आणि गाव इकेदा. बाबांच्या चिठ्ठीवर 65 देवळं जो पत्ता गेला, तो इथे देवळाचाही पत्ता होता. याच गावच्या इकेदा हायस्कूलने 1974 च्या वसंत कोशिएन या हायस्कूलांच्या राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धेत फक्त 11 खेळाडूंनिशी अंतिम फेरी गाठली होती, आणि 1982 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक त्सुता फुमियांच्या मुलांनी अंतिम सामना 12-2 ने जिंकला. डोंगरातल्या मुलांना सगळा देश ओळखायला लागला तो तेव्हा. बाबांच्या वहीत ते पान आहे. घोगरा आवाज झालेल्या माझ्या नवऱ्याने इथलं हृदयसूत्र वाचलं.

पुढची 22 देवळं जवळजवळ आहेत, आठवड्यात होतात. 88 वं ओकुबोजी झालं की वही घेऊन कोयासानला, दाइशींच्या समाधीच्या डोंगरावर, जायचं आणि तिथल्या ओकुनोइनचा शिक्का घ्यायचा, त्यासाठी एक पान कोरं ठेवलेलं असतं.

उनपेनजीला धुकं होतं. अशा हवेत शिक्क्याची शाई लवकर सुकत नाही, म्हणून पानात टीपकागद घालून वही थोडा वेळ उघडी धरावी. आमची लवकर मिटली गेली आणि 66 ची शाई समोरच्या पानावर उमटली. 1982 च्या त्या पानावर 12-2 च्या बाजूला बाबांचा तेलकट अंगठा आहे. दोन्ही वह्या आता घरच्या देव्हाऱ्यात एकीवर एक ठेवल्यात.