खड्डे खणण्याआधी वर्तुळं मोजा

उघड्याबोडक्या जमिनीवर लगेच खड्डे खणायला घेणं ही जंगल परत आणण्याच्या कामातली सगळ्यात महागडी घाई. गवत बाजूला सारून बघितलं तर बऱ्याचदा खाली गुडघाभर रोपं, तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आणि त्यांना आलेले फुटवे सापडतात.

ते मोजायला खुंटी आणि ५ मीटर दोरी पुरते. दोरी ताणून गोल फिरा आणि आतली ५० सेंमीपेक्षा उंच रोपं, फुटणारे बुंधे आणि मोठी झाडं मोजा. अशी निदान १० वर्तुळं जमिनीच्या वेगवेगळ्या भागांत घ्या. सरासरी २५ आली तर हेक्टरी साधारण ३,२०० झाडं आधीच आहेत. उष्ण आणि पुरेशा पावसाच्या प्रदेशात एवढ्यावर दोन-तीन वर्षांत सावली जुळते आणि गवत हटतं. तिथे लागवड नको, राखण हवी: चराई बंद, कडेने जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), प्रत्येक रोपाभोवती अर्धा मीटर निंदणी. मधलं उंच गवत कापू नका, फळीने दाबून आडवं करा. कापलेलं गवत जोमाने फुटतं. मोडून पडलेलं उशिरा उठतं, आणि वणवा लागलाच तर ज्वाळाही बुटक्या राहतात.

याची उणी बाजूही आहे. जवळ जुनं जंगल नसेल तर पक्षी आणि वटवाघळं लहान बियांचीच झाडं आणतात. मोठ्या बियांची झाडं आपणच लावावी लागतात. कमी पडतील तेवढीच रोपं घाला, पण २०-३० स्थानिक जातींची, लवकर सावली आणि फळ देणारी धरून. किंवा झाडांची बेटं लावा, पक्षी तिथे बसतात आणि मधल्या जागेत बी पडतं. कोस्टा रिकामध्ये या पद्धतीचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. खर्च कमी येतो, मात्र काही वर्षं जमीन टाकून दिल्यासारखी दिसते आणि कुणीतरी ती नांगरून टाकतं. सीमा आणि फलक आधी लावा.

मियावाकी घनवनात (जमीन खोल खणून अगदी दाट रोपं लावायची जपानी पद्धत) चौरस मीटरला ३-४ रोपं लागतात, म्हणजे हेक्टरी ३०-४० हजार. शहरातल्या भरावाच्या छोट्या तुकड्यावर ते शोभतं. डोंगरउतारावर मात्र मला अजिबात पटत नाही: खोल खणताना जिवंत मुळं तुटतात आणि मोकळी झालेली माती पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जाते.

एकाच जातीची लागवड लाकूड लवकर देते, पण तोडणीबरोबर साठलेल्या कार्बनचा मोठा भाग परत हवेत जातो. पाण्याचा हिशोब त्याहून कडक. २००५ मध्ये आलेल्या जागतिक विश्लेषणात गवताळ, झुडपी किंवा शेतजमिनीवर लागवड झाल्यावर ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि १३ टक्के ओढे निदान वर्षभर पूर्ण आटले. मूळचं गवताळ रान असेल तर तिथे झाडं लावूच नयेत. जमिनीखाली जाड मुळं, कंद असलेल्या बहुवर्षायू वनस्पती मुबलक दिसल्या तर थांबा. त्या रानाला उन्हाची गरज असते, आणि सावलीत गेलेल्या या वनस्पती सहजी परतत नाहीत.

दरवर्षी त्याच वर्तुळांत पुन्हा मोजा. संख्या टिकून उंची खुंटली आणि शेंडे कुरतडलेले दिसले तर कुंपणात फट आहे. वर्तुळात बारकी रोपं काळवंडून गेली आणि बुंधे मात्र तळातून फुटले, तर आग आत शिरली आहे आणि जाळरेषा रुंद करायला हवी.