काळ्या गाडीचा पेंट, चौथा महिना: बोनेट आणि टप झाले

मागच्या वेळी म्हटलं होतं की सलग दोन सुट्ट्या मिळाल्या की पॉलिशचं मशीन हातात घेणार, त्या मिळाल्या आणि बोनेट आणि टप पूर्ण झाले, दरवाजे अजून बाकी आहेत. पहिल्यांदा वाचताय त्यांच्यासाठी थोडक्यात, गाडी सॉलिड काळी, मेटॅलिक नाही, 9 वर्षं जुनी, माझ्याकडे सेकंड हँड आली, आणि उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं असावं तसे बारीक ओरखडे. ते गोल वाटतात पण गोल नसतात बरं का, सगळ्या दिशांना असतात, फक्त उजेडाला आडवे येणारे तेवढे चमकतात म्हणून गोलाकार दिसतात. काळ्या रंगावर ओरखडे जास्त पडतात असं नाही, जास्त दिसतात एवढंच.

पहिले तीन महिने मशीनला हात लावला नाही, फक्त धुण्याची पद्धत बदलली, कारण हे जाळं बहुतेक करून धुताना आणि पुसतानाच पडतं आणि ती सवय तशीच ठेवून पॉलिश केलं तर दोन महिन्यांत परत तेच. आता आधी फोम मारतो, पाच मिनिटं थांबून जोरात पाणी मारतो, म्हणजे सुटी धूळ हात न लावताच निघते. मग दोन बादल्या, एकीत पीएच न्यूट्रल शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, टप आधी, दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, चाकांचा मिट वेगळा. पहिल्यांदा असं धुतलं तेव्हा शेवटी साध्या पाण्याची बादली हळूच ओतली तर तळाशी बोटाला टोचेल अशी रेती, चांगली चिमूटभर. एका बादलीत धुताना ही सगळी रेती मी फडक्यातून परत बोनेटवर घासत होतो. पुसतानाही टॉवेल रगडत नाही, पसरून ठेवायचा, पाणी पिऊ द्यायचं, उचलायचा. टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवशी तो बाद.

मशीनच्या आदल्या दिवशी सफाई. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या पॅनलवर अलगद फिरवून बघा, उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पेंट पिशवीतून सँडपेपरसारखा खरखर लागतो. ती खरखर म्हणजे चिकटलेले कण, त्यात ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे पण असतात. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा आणि त्यांना लागला की जांभळा होणारा स्प्रे, मारला तर डिकीच्या खालच्या भागात जांभळे ओघळ आले, म्हणजे लोखंड होतंच. पॅनल थंड पाहिजे, सावलीत, आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं. मग भरपूर लुब्रिकंट मारून क्ले बार (चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), दाब अजिबात नाही, सरळ रेषेत. क्लेनेसुद्धा थोडे ओरखडे पडतात म्हणून नंतर पॉलिश करायचं असेल तेव्हाच मी क्ले करतो, दर धुण्याला नाही.

आता पेंटच्या जाडीची मापं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बोनेट 112 ते 121 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), टप 103 ते 108, उजवे दोन्ही दरवाजे 115च्या आसपास, आणि डावा मागचा दरवाजा 245 ते 270, म्हणजे तो कधीतरी रिपेंट झालाय, डोळ्यांनी अजिबात कळत नव्हतं. गेज, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, फक्त एकूण जाडी सांगतं, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट मिळून. त्यातला क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉन असतो आणि उन्हापासून जपणारा भाग तोच, आपण पॉलिश करतो म्हणजे त्यालाच झिजवतो, आणि झिजलेला परत येत नाही. त्यामुळे मी ठरवलंय की पॅड आणि पॉलिशच्या सगळ्यात कमी कापणाऱ्या जोडीने जेवढं जाईल तेवढंच घालवायचं.

बोनेटच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेप लावून साधारण 45 सेंमीचा चौकोन घेतला. 15 एमएम थ्रोचं डीए मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता 15 एमएमच्या घेरात डोलवणारं), सॉफ्ट पॅड, फाइन पॉलिश, हात हळू, चार पास आडवे उभे. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात मिसळून पुसून घेतलं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि आपल्याला वाटतं की गेले. टॉर्चखाली निम्म्याहून जास्त जाळं गेलेलं. मग पॉलिश तेच ठेवून पॅड मीडियम घेतला, आणि टेप काढला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो! टेपच्या एका बाजूला राखाडी धुकं, दुसऱ्या बाजूला टॉर्चचा एकच स्वच्छ ठिपका आणि खाली खोल काळं. काही सुटे खोल ओरखडे राहिले, त्यांच्यासाठी कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, वापरलं नाही. बोनेटची कड आणि उठलेल्या रेषांवर टेप लावला होता, तिथे पेंट मुळातच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब त्या रेषेवरच येतो. नंतरचं माप 1-2 मायक्रॉनने कमी आलं, पण तेवढा फरक गेजच्या चुकीतही येतो, म्हणून त्यावरून काही म्हणत नाही.

टपावर मात्र एक डाग आहे. पक्ष्याची विष्ठा दोन दिवस कडक उन्हात तशीच राहिली होती, बाहेरगावी होतो, आणि आल्यावर पुसली तर खाली बोटाच्या पेराएवढा खड्ड्यासारखा ठसा. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, वर वाळलेला थर घट्ट, रात्री थंड होताना पेंट त्याच्याभोवती आकसतो आणि आकार उमटून राहतो. मीडियम पॅडने दोन वेळा घेतलं, मधला भाग उजळला, कडेची रेघ टॉर्चमध्ये अजून दिसते. तिथे माप 104. तिसऱ्यांदा मशीन टेकवलं आणि चालू न करताच उचललं. ती रेघ राहू दे, तिथला क्लिअर कोट मला जास्त हवाय. आता गाडीत छोटी स्प्रेची बाटली आणि दोन टॉवेल कायम असतात, विष्ठा दिसली की आधी भिजवायची, दोन मिनिटांनी उचलून घ्यायची, घासायची नाही.

वरून सिंथेटिक सीलंट (पॉलिश झालेल्या पेंटवरचा संरक्षक थर), अगदी पातळ हात, रात्रभर पाणी लागू दिलं नाही. कार्नोबा वॅक्सची झाक काळ्यावर मला जास्त आवडते पण ते उन्हात काही आठवड्यांत उतरतं, सीलंट काही महिने टिकतं. आणि पाण्याचे थेंब उभे राहायचे थांबले म्हणून लगेच नवीन थर चढवू नका, बऱ्याचदा वर मळ बसलेला असतो, नीट धुतलं की थेंब परत उभे राहतात.

पुढच्या सुट्टीला उजवे दरवाजे, त्यांना बोनेटचीच जोडी चालेल असं वाटतंय. डावा मागचा शेवटी घेणार, रिपेंट कधी कधी कंपनीच्या पेंटपेक्षा बराच मऊ निघतो त्यामुळे तिथे परत सॉफ्ट पॅडपासून नवीन चौकोन.