पर्सेंटाइल 97, बारावी 44 टक्के

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजात एफसी असते, म्हणजे इंजिनीअरिंगचे अर्ज तपासणारं केंद्र. शिकवणं बाजूला ठेवून आम्ही नॉन-क्रिमिलेअरच्या मुदती आणि डोमिसाइल बघत बसतो. अर्ज अडतात ते बहुधा दाखल्यांवर. हा अडला गुणांवर.

मुलगा विक्रोळीचा, खुल्या प्रवर्गातला. सीईटीत, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, पर्सेंटाइल 97 च्या वर; शंभरातल्या 97 जणांच्या पुढे. वडिलांना दशांशानंतरचे सातही आकडे पाठ. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी त्याला अपात्र ठरवलं होतं. फिजिक्स 43, गणित 48, केमिस्ट्री 41. तीनशेपैकी 132, म्हणजे 44 टक्के. लागतात 45.

"मॅडम, क्लासवाले म्हणाले होते, बोर्डात नुसतं पास झालं की पुरे," वडील म्हणाले. हे वाक्य दरवर्षी कानावर येतं आणि दरवर्षी संताप होतो. लाखांत फी घेता, तर माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान तरी वाचा!

मी गुणपत्रिका पुन्हा वरपासून वाचली. आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, 86. दुसऱ्या भाषेऐवजी बरीच मुलं आयटी घेतात आणि विसरून जातात. नियमात फिजिक्स आणि गणित सक्तीचे आहेत; तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा असं नाही, त्या यादीत आयटीही आहे. 43, 48, 86. बेरीज 177, बरोबर 59 टक्के. अर्ज दुरुस्तीला परत पाठवला, मुलाने तिथेच मोबाइलवर विषय बदलला, मी कन्फर्म केला. त्या सरांना बोल लावणार नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला एक पीडीएफ देऊन टेबलावर बसवलं, तर दुसरं काय होणार?

रांगेत पुढची मुलगी मानखुर्दची. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून बारावीत 88 टक्के, सीईटीत पर्सेंटाइल 79. आईने विचारलं, "बारावीचे मार्क कुठे धरतात?" म्हटलं, पात्रतेला, मेरिट सीईटीवर लागतं. "मग हिने एवढं लिहून लिहून केलं ते?"

सीईटी म्हणजे तीन तासांत दीडशे प्रश्न, चारांतला एक पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. तो वेग सरावाने येतो आणि सराव विकत मिळतो. बोर्डाचे गुण निखळ असतात असं मी म्हणत नाही. प्रॅक्टिकलचे गुण कसे वाटले जातात ते आम्हा मास्तरांना ठाऊक आहे. तरी दोन वर्षं पायरी-पायरीने गणित मांडणाऱ्या मुलीच्या 88 टक्क्यांचा उपयोग 45 ची रेघ ओलांडण्यापुरताच व्हावा, हे मला पटत नाही. 2022 मध्ये बारावी आणि सीईटीला निम्मं-निम्मं वजन देण्याची घोषणा झाली होती. ती अमलात आली नाही. आली असती तर त्या मुलाचा अर्ज वाचवूनही, साध्या हिशेबाने ही मुलगी त्याच्या पुढे असती.